मागच्या खुर्चीवरून पुढे

कुवेतमध्ये, सलव्यातल्या हॉलमध्ये पहिल्याच दिवशी मी एका बाईंच्या व्हायोलिनच्या गजावर अंगठा फिरवला. मनात वाईट काही नव्हतं. सुताराच्या हाताला खोडच असते ती. रंध्याचं पातं असो की करवतीचा दात, आधी अंगठा लावून बघायचं, मग बोलायचं. गज खुर्चीवर पडलेला होता, त्याचे पांढरेशुभ्र केस ताणून बसवलेले. घोड्याच्या शेपटीचे असतात ते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अंगठा आपोआप गेला.

ओरडलं कोणी नाही. ज्यांचा गज होता त्या बाई आल्या, गज उजेडात धरून मी हात लावला तेवढ्या जागेकडे बघत राहिल्या, आणि शांतपणे मराठीत म्हणाल्या, "अहो, बोटाचं तेल लागलं ना, की तेवढी जागा मुकी होते. तार धरत नाही."

थोड्या वेळापूर्वी मी फोनवर घरी बोलत होतो, ते त्यांनी ऐकलं होतं. चार वर्षांत कुवेतमध्ये मला कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं.

"धुऊन देऊ का?" मी विचारलं.

"नका हो," त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "धुवायचं नसतं. राळ लावते, होईल हळूहळू."

त्या मूळच्या पुण्याच्या. इथे दातांच्या डॉक्टर, आणि संध्याकाळी या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत अगदी शेवटच्या खुर्चीवर बसायच्या. मी त्यांना ताई म्हणायला लागलो, त्या मला दादा. पुढे जे काही शिकलो ते बरंचसं त्यांच्याकडूनच.

माझं शिक्षण सातवी. तीही पुरी नाही. वडिलांच्या मागे हत्यारांची पिशवी घेऊन फिरलो, सुतारकाम शिकलो, लग्न झाल्यावर कंत्राटी कंपनीतर्फे इकडे आलो. चार वर्षं खैरानला समुद्रकाठच्या शॅलेंमध्ये, म्हणजे सुट्टीच्या बंगल्यांमध्ये, स्वयंपाकघराची कपाटं बसवली. खारट दमट हवेने दारं फुगायची, ती पुन्हा तासायची. मग या हॉलच्या स्टेजची फळी बदलायला कंपनीने मला आठ दिवसांसाठी पाठवलं. त्याच सुमारास खुर्च्या-स्टँड लावणारा माणूस सुट्टीवर गावी गेला तो परत आलाच नाही. मुदीर म्हणाले, म्हणजे हॉलचे व्यवस्थापक, की दुसरा मिळेपर्यंत तूच कर. आठ दिवसांचं दीड वर्ष झालं.

पण कागद कंपनीचेच. हॉलने मला कायमचं घ्यायचं तर तहवील करावी लागणार होती. माझा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, एका मालकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर जाणार. मुदीरनी सांगून ठेवलं होतं, वसंतातला कार्यक्रम होऊ दे, मग ठरवतो. नाही ठरलं तर पुन्हा खैरान. खैरान वाईट नाही, खोटं कशाला बोलू. पण इथे मी खुर्ची सरळ केली तरी बसणारा माणूस मान हलवून 'शुक्रन' म्हणायचा. आणि ते सूर. सगळ्या तारा एकदम लागल्या की माझ्या पायाखालची फळी घुमायची, मीच बसवलेली. कपाट घुमत नाही.

म्हणून मी घाबरून घाबरून काम करायचो. काही राहिलं नाही ना, कोणी नाराज नाही ना. बायको फोनवर विचारायची, "तुम्ही तिथे नक्की करता काय?" मी म्हणायचो, खुर्च्या लावतो. ती म्हणायची, दीड वर्ष?

तारवाद्यं, म्हणजे व्हायोलिन, त्याहून जरा मोठं व्हियोला आणि पायांत धरायचं चेलो, वाजवणाऱ्यांच्या रीतीच एवढ्या की दीड वर्ष कमीच. दोघांमध्ये एक स्टँड असतं आणि त्यावर कागदांची एकच प्रत. श्रोत्यांच्या बाजूला बसतो तो वाजवत राहतो, आतल्या बाजूचा वाजवणं थांबवून पान उलटतो. ताई आतल्या. "मी पान उलटणारी बाई," त्या म्हणायच्या, "दोघांनी उलटलं तर गाणं खड्ड्यात." वाद्य खुर्चीवरून पडत असलं तरी परक्याने हात लावायचा नाही, मालकाला हाक मारायची. स्टेजचं दार उघडं ठेवायचं नाही, बाहेरची गरम हवा आत आली की तारा उतरतात. ते दार सांभाळणं माझ्याकडे.

मला सगळ्यात नवल वाटायचं ते प्रश्न विचारण्याचं. मागच्या खुर्चीवरच्या माणसाला शंका आली तर तो हात वर करून समोर काठी हलवून ताल देणाऱ्या साहेबांना विचारत नाही. तो पुढच्या स्टँडच्या कानात सांगतो. ते त्यांच्या पुढच्यांना. असं स्टँड-स्टँड करत शंका रांगेच्या पुढाऱ्यापर्यंत जाते, तो वाटलं तर विचारतो, आणि उत्तर त्याच वाटेने मागे येतं. आमच्या गावच्या भजनात मागचा झांजवाला मध्येच ओरडतो, बुवा, पट्टी उतरवा, गळा फाटेल. इथे तसलं काही नाही.

आणखी दोन रीती सांगतो, त्या पुढे लागणार आहेत. कोणाचं चुकलं तर मान वळवून त्याच्याकडे बघायचं नाही. आपल्या कागदाकडे बघायचं. आणि कोणी छान वाजवलं तर टाळी नाही, कारण हात गुंतलेले. बूट जमिनीवर घासायचे. तीस जणांनी बूट घासले की सुक्या पाचोळ्यातून गुरं गेल्यासारखं वाटतं.

आता पेन्सिलीचं. त्या कागदांवर छापलेल्या सुरांच्या वर पेन्सिलीच्या खुणा असतात. एक उंबरा नसलेल्या दाराच्या चौकटीसारखी, म्हणजे गज खाली ओढा. दुसरी पाचरीसारखी, खाली टोक, म्हणजे गज वर न्या. सूर मला कळत नव्हते, पण चौकट आणि पाचर कळायला सुतारच हवा. कुठे कुठली खूण, हे पहिल्या व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरच्या मॅडम ठरवायच्या. त्या मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, इथे एका शाळेत संगीत शिकवतात. वयाने पन्नाशीच्या, आवाज बारीक, आणि त्यांच्यासमोर डॉक्टर-इंजिनियर सगळे गप्प. मला त्या नज्जार म्हणायच्या. अरबीत सुताराला नज्जार म्हणतात. त्यांच्या कागदावरून खुणा मागच्या स्टँडवर उतरायच्या, तिथून त्याच्या मागे, शेवटी ताईंपर्यंत. पुढून मागे. कधीच उलट नाही. त्यामुळेच स्टेजच्या कडेला उभं राहून बघितलं की सगळे गज एकदम वर, एकदम खाली.

गेल्या हंगामातले कागद परदेशातून भाड्याने आणलेले होते. कार्यक्रम झाल्यावर परत पाठवताना ते स्वच्छ करून द्यावे लागतात. मुदीरनी माझ्या हातात एक पांढरं खोडरबर दिलं आणि मी चार दिवस बसून सगळे कागद असे पुसले की मॅडमनी एक पान उचलून बघितलं आणि म्हणाल्या, "नज्जार, हे दुकानातून आणलंस का?" कुवेतमधली माझी ती पहिली शाबासकी. ते खोडरबर मी हत्यारांच्या पेटीत पटाशीशेजारी ठेवलं.

या वर्षी कार्यक्रमाला दहा-अकरा दिवस राहिले होते. दुपारी हॉलमध्ये कोणी नसतं. कपाटातल्या फायली पुसायला काढल्या, म्हणजे वरची धूळ, तर आत तीन महिन्यांची पेन्सिल. चौकटी, पाचरी, त्यावर काट, काटेवर पुन्हा चौकट, कडेला 'साहेबांकडे बघा' सांगणारी चष्म्याची चित्रं. मला वाटलं, एवढा मोठा कार्यक्रम आणि कागद असे. कोणी सांगितलं नव्हतं, खरं सांगतो, कोणी म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, सांगायच्या आधी केलं तर बरं दिसेल. तहवीलचा विचारही मनात होता, नाही कसं म्हणू.

रविवार, सोमवार, मंगळवारची दुपार. पंधरा स्टँडचे कागद. शेवटचं पान पुसून झाल्यावर मी कचरा फुंकला आणि फायली रांगेने लावून ठेवल्या. ते भाड्याचे कागद परत जायचे म्हणून पुसले होते, कार्यक्रम झाल्यावर पुसले होते, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं होतं पेन्सिल म्हणजे मळ.

मंगळवारी संध्याकाळी तालीम सुरू झाली आणि मी कडेला उभा होतो. काठी खाली आली. निम्मे गज वर गेले, निम्मे खाली. दोन गज एकमेकांवर आपटले. मॅडमनी वाजवणं थांबवलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं. मग हॉलमध्ये फक्त पानं उलटल्याचा आवाज. माझ्या खिशात खोडरबराचा चुरा होता, बोटांना लागत होता.

घरी सराव करायला प्रत्येकाकडे झेरॉक्स होती, पण ती हंगामाच्या सुरुवातीची, खुणांच्या आधीची. मुदीर धावत आले. त्यांनी कपाट बघितलं, कुलूप नाही. सकाळी हॉललगतच्या शाळेची मुलं, मॅडमच्या शाळेची नव्हे, हॉलमध्ये गाण्याच्या तासाला येतात. मुदीर म्हणाले, "मुलांनीच केलं असणार. उद्या त्यांच्या बाईंना सांगतो, रांगेत उभं करा म्हणावं."

मी मान खाली घालून खुर्च्या गोळा केल्या.

बुधवारी दुपारी मी महबूल्यात, आमच्या इमारतीखालच्या लाँड्रीत चाचांकडे जाऊन बसलो. चाचा रत्नागिरीच्या खाडीपट्ट्यातले, माझ्याच खोलीत राहतात, बावीस वर्षं इथे इस्त्री करतायत. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "काय रे सुतारा, थोबाड असं का? इस्त्री मारू काय?"

"चाचा, माझ्या हातून एक झालंय."

"कोणाला हाणलास?"

"पुसलंय."

"पुसलास? मग त्यात काय. पुसायलाच ठेवलाय ना तुला?"

मी सगळं सांगितलं. त्यांना गज आणि चौकटी काही कळल्या नाहीत, पण मुलांचं आलं तेव्हा त्यांनी इस्त्री उभी केली.

"पोरं कितवीतली?"

"सहावी-सातवीतली असतील."

"आणि तू शाळा का सोडलीस, ते मला सांगितला होतास एकदा. आठवतंय काय?"

आठवत होतं. शाळेचं घड्याळ फुटलं होतं. मास्तरांनी आम्हाला रांगेत उभं केलं, कोणीतरी माझं नाव घेतलं आणि सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. घड्याळ मी फोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वडिलांबरोबर कामावर गेलो तो गेलोच.

"पण तहवील जाईल, चाचा."

"जाईल. खैरान काय दर्यात बुडालंय? हाय तिथेच." त्यांनी इस्त्री पुन्हा उचलली. "सांगून टाक. आणि हा माझा सदरा घालून जा, तुझा बघवत नाही."

गुरुवारी जादा तालीम ठेवली होती. चाचांचा सदरा मला खांद्यात सैल होत होता. थेट मॅडमसमोर जायची माझी हिंमत झाली नाही. तालीम सुरू व्हायच्या आधी मी शेवटच्या स्टँडजवळ गेलो आणि ताईंच्या कानाशी म्हणालो, "ताई, मुलांनी नाही पुसलं. मी पुसलं. मला वाटलं स्वच्छ असावं."

ताई राळ लावत होत्या, तो हात थांबला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. कागदाकडे बघतच म्हणाल्या, "मला सांगितलंत. आता ते रीतीने पुढे जाईल. तुम्ही जाऊन उभे राहा."

मी कडेला जाऊन उभा राहिलो आणि माझं म्हणणं पुढे जाताना बघितलं. ताई पुढच्या स्टँडकडे वाकल्या. तिथली बाई सूर जुळवता जुळवता थांबली, मग पुढच्यांच्या खांद्याला गजाच्या टोकाने हळूच स्पर्श केला. तिथून त्याच्या पुढे. चार स्टँडची रांग, पण मला ती आमच्या गावापासून तालुक्यापर्यंत वाटली. दुसऱ्या व्हायोलिनचा पुढारी, एक दाढीवाला लेबनानी मास्तर, मॅडमकडे झुकला आणि दोन वाक्यं बोलला.

तीस माणसं. एकानेही मान वळवली नाही. सगळे आपापल्या पांढऱ्या कागदाकडे बघत होते. मला वाटलं, माझ्याकडे बघायचीही यांची इच्छा उरली नाही. मग मला ती रीत आठवली.

मॅडमनी व्हायोलिन खांद्याला लावलं आणि काठीवाल्या साहेबांना म्हणाल्या, "सुरुवातीपासून."

मधल्या सुट्टीत त्या आपली फाईल घेऊन माझ्याकडे आल्या. ताई मागोमाग, दुभाषी म्हणून. मॅडम हिंदी, अरबी, इंग्रजी सगळं मिसळून बोलतात.

"नज्जार, तुला माहीत आहे का तू काय पुसलंस?"

"पेन्सिल, मॅडम."

"तीन महिन्यांचं भांडण पुसलंस. व्हियोलावाल्यांशी मी तीन महिने भांडले, तेव्हा कुठे त्यांचे गज आमच्यासारखे चालायला लागले." रागापेक्षा त्यांचा आवाज थकलेला होता. "आता आठवडा राहिला. मला थोडं आठवतं. सगळं नाही."

मी म्हणालो, मॅडम, मुलांच्या बाईंना मी स्वतः जाऊन सांगतो. त्या म्हणाल्या, ते तर सांगच. आणि फाईल मिटता मिटता पान तिरकं झालं, वरच्या दिव्याचा उजेड त्यावरून घसरत गेला.

फळीला रंधा मारला की ती वरून बघायची नसते. वरून सगळ्याच फळ्या सपाट दिसतात. ती डोळ्याच्या रेषेत आडवी धरायची, एक डोळा मिटायचा आणि उजेड बाजूने येऊ द्यायचा. मग नखाएवढा खळगाही सावली टाकतो. हे मी तीस वर्षं रोज करतो. मी मॅडमच्या हातातून फाईल घेतली, न विचारता, आणि पान डोळ्यासमोर आडवं धरलं.

काही नव्हतं. मॅडमचा हात फुलासारखा, पेन्सिल त्या कागदावर टेकवतच नाहीत.

"ताई," मी म्हणालो, "तुमची फाईल आणा."

ताईंच्या पानावर चर पडलेले होते. चौकटी, पाचरी, काट मारलेल्या चौकटी, सगळं जसंच्या तसं, फक्त शिसं नव्हतं. पेन्सिल गेली होती, तिची वाट राहिली होती.

मॅडमनी एक डोळा मिटून बघितलं. मग ताईंकडे वळल्या. "तू दात असेच कोरतेस का गं?"

ताई लाल झाल्या. "सवय आहे हाताला, मॅडम."

हॉलचा दिवा उंचावर, आणि चर नीट वाचायला उजेड आडवा लागतो. शुक्रवारी सुट्टी. सकाळी सूर्य नुकताच वर आला की शाळेच्या व्हरांड्यात पूर्वेच्या खिडकीतून ऊन जमिनीलगत येतं, हे मला माहीत होतं, हॉलबरोबर तो व्हरांडाही मीच झाडायचो. शुक्रवारी सहाला आम्ही तिघं तिथे बसलो. मॅडमनी थर्मासमधून चहा आणला होता, ताईंनी थालीपीठ. आम्ही आधी सगळ्या फायली खिडकीत धरून बघितल्या, कोणाचा हात जड आणि कोणाचा हलका. पहिल्या व्हायोलिनमध्ये तिसऱ्या स्टँडवर एक कुवेती इंजिनियर बसतात, पूल बांधणारे. त्यांनी पेन्सिल अशी दाबली होती की मागच्या पानावर उलटी चौकट उठली होती. चेलोवाले सगळेच जड हाताचे. व्हियोलांच्या कागदांवर मात्र ओरखडासुद्धा नव्हता.

"हे लोक माझं ऐकून लिहीतच नव्हते वाटतं," मॅडम म्हणाल्या. "बरं झालं. आता मला हवं ते लिहिते."

मी पान धरायचो आणि बोलायचो. चौकट. पाचर. पाचर. इथे कमान, तीन सुरांवरून. ताई दुसऱ्या व्हायोलिनचं लिहायच्या, मॅडम पहिल्याचं. सूर मला वाचता येत नव्हते, मग मी पट्टी लावून सांगायचो, ओळीच्या सुरुवातीपासून चौथ्या काळ्या ठिपक्यावर. पहिल्या तासात ऊन चढलं तसं आम्ही खिडकीशी सरकत गेलो. मग मी एका जुन्या मोडक्या कपाटाच्या दाराची काळी फळी आणली आणि खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागाला लावली, खालून उजेड येईल अशी.

दुसऱ्या व्हायोलिनच्या एका पानावर मी म्हणालो, "इथे चौकट, त्यावर काट, वर पाचर."

मॅडमचा हात थांबला. "ते मी दिलं नव्हतं. तिथे चौकटच आहे."

मी पुन्हा बघितलं. "नाही मॅडम. पाचर आहे. चांगली दाबून काढलेली."

ताई थालीपीठाच्या डब्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, ते मी बदललं. त्या ओळीला माझा गज संपतो. शेवटच्या स्टँडवर कोण बघतंय, म्हणून मी आपली..."

मॅडमनी पेटीतून व्हायोलिन काढलं आणि ती ओळ वाजवली, आधी चौकटीने, मग पाचरीने. पुन्हा एकदा दोन्ही. मला फरक कळला म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. पण दुसऱ्या वेळी मॅडमच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

"सगळ्यांचाच संपतो," त्या म्हणाल्या. "तीन महिने. आणि कोणी पुढे सांगितलं नाही."

"सांगायचं कसं? मी शेवटची," ताई म्हणाल्या.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना लिही. पहिल्या स्टँडलासुद्धा."

खुणा त्या दिवशी मागून पुढे गेल्या. ताईंच्या पानावरून लेबनानी मास्तरांच्या पानावर, इंजिनियर साहेबांच्या पानावरून खुद्द मॅडमच्या. दुपारच्या नमाजाची बांग होईपर्यंत मूळ पानं झाली. उरलेल्या प्रतींवर मी उतरवून काढल्या. मॅडमनी मऊ पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, दाबू नकोस. मग स्वतःच म्हणाल्या, नाही, थोडी दाब.

रविवारी सकाळी शाळा उघडताच मी तिथल्या गाण्याच्या बाईंकडे गेलो आणि सांगितलं. त्यांनी अजून मुलांना काही विचारलं नव्हतं. एवढं ऐकून मी तिथेच एका छोट्या बाकावर बसलो.

त्याच संध्याकाळी तालमीला मी फायली स्टँडवर ठेवत फिरत होतो. सगळे येऊन बसले होते. ताईंच्या स्टँडवर शेवटची फाईल ठेवून वळलो तर जमिनीवरून खरखर आवाज आला. मला वाटलं फळी सुटली. मी बसवलेलीच फळी, आणि कार्यक्रम चार दिवसांवर. मी खाली वाकून गुडघ्यावर बसलो आणि हाताने फळ्या दाबून बघायला लागलो. आवाज वाढला. समोर बघितलं तर बूट हलत होते, सगळ्यांचे, मॅडमचे काळे बूटसुद्धा. तोंडं मात्र कागदाकडे.

"दादा, उठा," ताई हळूच म्हणाल्या. "फळी ठीक आहे."

गुरुवारी कार्यक्रम झाला. मी नेहमीसारखा कडेला, दार धरून. ती ओळ आली तेव्हा मला ऐकून कळली नाही, बघून कळली. दुसऱ्या व्हायोलिनचे आठ गज एकदम वर गेले, पहिल्या खुर्चीपासून ताईंपर्यंत, एकाच रंध्याने मारल्यासारखे. व्हियोलांचा पुढारी चेहरा पाडून वाजवत होता, पण वाजवत होता मॅडमच्या खुणांनी.

पुढच्या रविवारी मुदीरनी मला बोलावलं. टेबलावर तहवीलचा अर्ज होता. त्यांनी चष्मा काढला.

"पुसणारा तूच?"

"हो."

"आणि परत काढणारा?"

"मॅडम आणि ताईंनी लिहिलं. मी नुसता धरून उभा होतो."

ते म्हणाले, मॅडम सकाळी येऊन गेल्या, तुझ्याबद्दल बोलल्या, आणि एक अट घालून गेल्या. त्यांनी हात पुढे केला. मला आधी कळलं नाही. मग मी हत्यारांची पेटी उघडली, पटाशीशेजारचं खोडरबर काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अर्जावर सही केली.

संध्याकाळी चाचांचा सदरा परत करायला गेलो तर म्हणाले, ठेव तुझ्याकडे, पण इस्त्री माझ्याकडूनच करून घ्यायची.

ते खोडरबर आता मॅडमच्या व्हायोलिनच्या पेटीत असतं, राळेच्या डबीशेजारी. भाड्याचे कागद परत पाठवायची वेळ आली की मी मागायला जातो. त्या ते हातात देतात, पण लगेच सोडत नाहीत. दुसरं टोक धरून विचारतात, "नज्जार, कार्यक्रम झाला ना?"

"झाला, मॅडम."

"नक्की?"

मग सोडतात.